वाचतील ते तुमचे

"उद्या गच्चीवरची केबलची वायर काढून टाकायची!" सोसायटीचे अध्यक्ष टिपणीस सभेत कडाडले, तशा द्वारकाबाई गोंधळल्या. केबलवाल्याला त्या महिन्याला तीनशे देत.

"काकू, ॲप घ्या. निम्मे पैसे वाचतील," टिपणीसांनी ऐकवलं.

पण मालिका एका ॲपवर, मॅच दुसऱ्यावर, कीर्तन तिसऱ्यावर, शिवाय इंटरनेटचं बिल वेगळंच. बाईंनी बोटांवर तीनदा हिशोब केला, तीनदा वेगळाच आला.

शेवटी त्या काकुळतीने म्हणाल्या, "साहेब, मला मेलीला काही उमजत नाही. असं करा, माझे तीनशे दरमहा तुम्हीच घ्या. हे सगळं मला लावून द्या, आणि वाचतील ते तुम्हीच ठेवा."

टिपणीसांना एकदम आठवलं, टाकी भरून वाहत असेल. ते तरातरा गच्चीवर गेले. वायरला मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशीही हात लावला नाही.