सव्वासहा मिली

"मग किती द्यायचं, अनुसये?"

डॉक्टरबुवांनी भरल्या दवाखान्यात विचारलं. अनुसयाला तेच हवं होतं. मठातल्या या दवाखान्यात ती आधी झाडलोट करायची. औषध मोजायला बुवांनीच शिकवलं. आता चार माणसांनी ऐकायला नको?

पारूच्या मांडीवर तिचं पोर तापानं फणफणलं होतं.

"दहा किलोचं पोर. किलोला पंधरा मिलिग्रॅम, झाले दीडशे. ह्या बाटलीत पाच मिलीला एकशेवीस. म्हणजे सव्वासहा मिली."

मध्ये श्वास घेतला नाही बाईनं.

"तालुक्याचा कंपाउंडर एवढ्याला मोबाइल काढतो, बुवा. मी चौथी शिकलेली, पण बोटंसुद्धा मोजत नाही."

तिनं सिरिंज भरली.

"थांब. दहा किलो कुणी सांगितलं?"

"आईनं. आईला ठाऊक नसेल तर काय शेजारणीला?"

"जत्रेत नवसाची तुला केली ना त्याची," पारू म्हणाली. "गुळाची. अख्खी दहा किलोची ढेप चढवली. ही अनुसया होती की तिथं, मूठभर गूळ खाऊन गेली."

"पारडी सारखी झाली?"

"सारखी कशी होतील?" पारूची मान ताठ झाली. "नवसाची ढेप तुलेआधी फोडत नाहीत आमच्यात. देवाचं पारडं खाली टेकलं, अन् हा आपला वर लोंबतोय. सगळ्या गावानं बघितलं."



बुवा उठले. पोराचा स्वेटर काढला, पायातले वाळे उतरवले. आढ्याला टांगलेल्या काट्याच्या झोळीत त्याला अलगद ठेवलं.

काटा आठावर थांबला.

अनुसयाची कानशिलं तापली. पंधरा आठे एकशेवीस. पाच मिली... जास्तीचं औषध तिनं मोरीत सोडलं, सिरिंज उजेडात धरून दोनदा बघितली, मग पोराच्या गालात हळूहळू औषध सोडलं. पोरानं तोंड वाकडं करत गिळलं.

बाकावरचे सगळे तिच्याकडंच बघत होते. खाली बघेल ती अनुसया कसली.

"हिशोब चुकला नव्हता माझा."

"नाही."

"मग तसं सांगा की ह्यांना."

बुवांनी पोराला स्वेटर न घालताच पारूच्या मांडीवर दिलं. मग बाकाकडं वळले.

"हिशोब अगदी बरोबर होता हिचा. ढेपेला ताप आला, तर सव्वासहाच द्यायचं."