बाईंची उधारी

एकदा एका तालुक्याच्या गावी एका कासाराला नारळाचा फार अभिमान झाला.

नारळ साधाच होता, पण मानाचा होता. त्या गावच्या नगरपालिकेत एक पद्धत होती. मंडईतल्या गाळ्यांचा वार्षिक कर घ्यायला सुरुवात झाली की पहिल्या दिवशी जो दुकानदार सर्वांत आधी येऊन कर भरेल, त्याला कार्यालयातर्फे नारळ देत आणि चार लोकांसमोर त्याचे नाव पुकारत. बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या रंगनाथ कासाराने हा नारळ ओळीने काही वर्षे मिळवला होता. कार्यालय उघडण्याआधीच तो पायरीवर जाऊन बसे. शेजारचे दुकानदार चेष्टा करीत, "रंगनाथ, एवढा लवकर जातोसच, तर झाडूही मारून घे तिथला!" रंगनाथ हसे. नारळ मात्र तो गाळ्यातल्या देवाच्या तसबिरीपुढे ठेवी, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसेल असा.

कर वेळेवर भरावा, यात वाद नाही. पण चांगल्या सवयीचाही गर्व होतो, आणि तो झाल्याचे माणसाला स्वतःला कधीच कळत नाही.

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर रंगनाथचा माल घेऊन येणारा टेम्पो घाटात कलंडला. काचेच्या बांगड्याच त्या. पेट्या उघडल्या तेव्हा आत नुसता रंगीत चुरा निघाला. सण तोंडावर आलेला, दुकान रिकामे ठेवून चालणार नव्हते. रंगनाथने कराचे म्हणून डब्यात बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि पुन्हा माल भरला. नारळ त्या वर्षी शेजारच्या भांडीवाल्याला मिळाला. पाठोपाठ कर भरण्याची मुदतही गेली आणि त्यावर दर महिन्याला शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, चढू लागली.

इथपर्यंत रंगनाथचा काही दोष नव्हता. दोष पुढे सुरू झाला.

दिवाळीत धंदा बरा झाला. डब्यात पुन्हा थोडे पैसे जमले. त्याची बायको यमुना म्हणाली, "आहेत तेवढे देऊन या की. उरलेल्याचं सांगून ठेवा."

"नारळ घेतला त्याच हातानं आता अर्धे पैसे पुढे करू?" रंगनाथ म्हणाला. "शास्तीसकट सगळी रक्कम जमली की जाईन. मान वर करून जाईन."

रक्कम जमत होती, पण शास्तीही वाढत होती, आणि त्या दोघींच्या शर्यतीत रंगनाथची मान काही वर होईना. नगरपालिकेवरून जाणारा रस्ता त्याने सोडला. तो कुंभारवाड्याला वळसा घालून दुकानात येऊ लागला. वसुलीचे कारकून बोराटे मंडईत दिसले की तो घाईने शटर अर्धे खाली ओढी आणि आत पेट्या लावत बसे. लावलेल्याच पेट्या पुन्हा लावी. आपल्याला वाटते, डोळे मिटले की आपण कोणाला दिसत नाही. लहानपणी हा खेळ गोड दिसतो. मोठेपणी तो महागात पडतो.

फाल्गुनात एक दिवस मंडईतून भोंगा लावलेली रिक्षा फिरली. ज्यांचा कर थकला आहे त्यांच्या गाळ्यांना पाडव्यानंतर सील लागेल आणि त्या गाळ्यांचा लिलाव होईल, असे ती सांगत होती. रंगनाथने ते आपल्या गाळ्यात उभ्याने ऐकले. त्याच गाळ्यात त्याच्या आईने पाटीत बांगड्या घेऊन धंदा सुरू केला होता. तिच्या हाताखाली तो शिकला होता. गाळा गेला तर लग्नसराईचा अख्खा हंगाम जाणार होता, आणि त्यापाठोपाठ घरची चूलही. तरीही त्याचे पाय नगरपालिकेकडे वळेनात.

त्याच आठवड्यात बाई दुकानात आल्या.

बाई म्हणजे गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे नाव क्वचितच कोणी घेई. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते, त्यामुळे 'बाई' म्हटले की त्याच, असे ठरून गेले होते. रंगनाथही त्यांचाच विद्यार्थी. बाईंनी उभ्या आयुष्यात कोणाचे काही उधार ठेवले नाही, हे गावातले लहान पोरही सांगे.

बाईंनी हिरव्या काचेच्या बांगड्या भरून घेतल्या. रंगनाथ आपल्या सवयीप्रमाणे म्हणाला, "हात सैल सोडा बाई, अगदी सैल." बांगड्या चढल्या. मग बाई उठल्या, छत्री घेतली आणि सहज म्हणाल्या, "पैसे उद्या देते हं."

"असू द्या हो बाई."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रंगनाथला त्या समोरून येताना दिसल्या. दुकान जवळ येताच त्या थबकल्या आणि झटकन बोळात वळल्या. रंगनाथला वाटले, काही काम आठवले असेल. पुढे एकदा ऊन नसताना त्यांनी छत्री उघडली आणि ती तोंडापुढे धरून दुकानावरून गेल्या. एकदा तर त्या भाजीवाल्याच्या कोबीच्या ढिगामागे खाली वाकून बसलेल्या दिसल्या. भाजीवाला बिचारा "बाई, काय पडलं? काय शोधताय?" असे विचारत होता, आणि बाई त्याला बोटाने गप्प बसायला सांगत होत्या.

मंडई हसली. रंगनाथला मात्र हसू येईना. बांगड्यांचे पैसे त्याच्या मनातही नव्हते. ज्यांनी आपल्याला बोट धरून अक्षर गिरवायला शिकवले त्या बाई आपल्याला पाहून लपतात, हे त्याला सोसेना. बाईंना काही अडचण आली असेल का? आपल्या तोंडून काही वेडेवाकडे गेले का? दोन घास त्याला धड जाईनात. शेवटी दुपारी दुकान यमुनेवर सोपवून तो बाईंच्या घरी गेला.

खिडकीचा पडदा हलला. रंगनाथने दार वाजवले.

"बाई, मी आहे, रंगनाथ."

आतून बाईंचाच आवाज आला, "बाई घरी नाहीत."

रंगनाथला रडावे की हसावे कळेना. "बाई, दार उघडा हो. पैसे मागायला नाही आलो."

"मग कशाला आलास?"

"तुम्ही मला टाळताय म्हणून आलो. पैशांचं काय एवढं? नसतील आत्ता तर नसतील. एकदा येऊन नुसतं सांगितलं असतंत, 'रंगनाथ, या महिन्यात जमत नाही,' तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं? थोडे थोडे द्या, पुढच्या महिन्यात द्या. पण तोंड कशाला लपवायचं?"

दार उघडले. बाई हसत होत्या, आणि त्यांच्या हातात बांगड्यांचे पैसे मोजून तयार होते. पण ते त्यांनी दिले नाहीत. रंगनाथला त्यांनी आत बसवले, पाणी दिले आणि म्हणाल्या, "आत्ता दारात काय बोललास ते पुन्हा म्हण पाहू."

रंगनाथ बोलायला गेला, आणि अर्ध्या वाक्यात थांबला. त्याची मान खाली गेली.

"तुम्हाला कसं कळलं बाई?"

"अरे, अख्ख्या मंडईला माहीत आहे! कळलं नाही असं फक्त तुला वाटत होतं." मग बाईंचा आवाज मऊ झाला. "रंगनाथ, मी लपले तेव्हा तुला पैसे बुडाल्याचं दुःख झालं नाही. माणूस हरवल्याचं झालं. तिकडे त्या बोराट्याच्या खुर्चीतही माणूसच बसतो. तू रोज बायकांना सांगतोस ना, हात सैल सोडा म्हणून? आवळलेल्या हातावर बांगडी चढवायला गेलं तर ती फुटते, मग कासार कितीही चांगला असो. तू इतके महिने मूठ आवळून बसला आहेस. बोराट्यानं मदत करायची म्हटली तरी कशी करावी? आणि आणखी एक. नारळ मिळायचा तो तू पहिला यायचास म्हणून. तू चांगला म्हणून नव्हे. चांगला तू आजही आहेस, उशीर झाला तरी. आता ऊठ. डब्यात असतील तेवढे घे आणि जा."

रंगनाथ उठला. डबा घेऊन तो सरळ रस्त्याने नगरपालिकेत गेला. पायऱ्या चढताना काय बोलायचे ते तो मनात पाठ करत होता.

बोराट्यांनी चष्म्यावरून पाहिले. "या रंगनाथराव. बऱ्याच महिन्यांनी. आम्हाला वाटलं गाव सोडलंत."

"साहेब, उशीर झाला," रंगनाथ म्हणाला. पाठ केलेले सगळे तो विसरून गेला आणि एवढेच शब्द उरले. "माल फुटला होता. पण तेव्हाच यायला हवं होतं, आलो नाही. सगळे नाहीत. हे एवढे आहेत."

बोराट्यांनी पैसे मोजून घेतले, पावती फाडली. "शास्ती माझ्या हातात नाही, ती भरावीच लागेल. दिवाळीत आला असतात तर निम्मीही झाली नसती. पण उरलेल्या रकमेला हप्ते मागता येतात. अर्ज करा. मोठे साहेब सील लागण्याआधी आलेल्याला सहसा नाही म्हणत नाहीत. सील लागल्यावर आलेल्याला आम्ही काही करू शकत नाही." मग त्यांनी शिपायाला हाक मारली. "दोन चहा सांग रे." आणि रंगनाथकडे वळून म्हणाले, "तुमच्या गाळ्यावरून जाताना शटर अर्धं दिसायचं. वाईट वाटायचं हो. आत येऊन काय बोलावं कळत नसे."

रंगनाथच्या डोळ्यांत पाणी आले. बाईंचे म्हणणे त्याच्यापुढे चहा पीत बसले होते.

अर्ज मंजूर झाला. त्या संध्याकाळी दुकान बंद करताना गाळ्यावरचा नगरपालिकेचा दिवा लागला. हिवाळ्यात तो दिवा गेला होता आणि कोणीतरी येऊन बदलून गेले होते, हे रंगनाथला आठवले. मंडईच्या नळालाही रोज पाणी येत होते. आपण लपून बसलो होतो त्या साऱ्या दिवसांत भांडीवाल्याने, भाजीवाल्याने, दोराच्या दुकानदाराने भरलेल्या पैशांवर आपला गाळा उजळत होता. नारळ मिळत असताना हे त्याला कधी दिसले नव्हते. त्याने आजूबाजूच्या दुकानांकडे पाहून मनोमन हात जोडले. भांडीवाल्याने विचारले, "काय रे, काय झालं?" रंगनाथ म्हणाला, "काही नाही. बरं चाललंय."

लग्नसराई चांगली गेली. यमुनेने दर महिन्याला डबा पुढे करायचा आणि रंगनाथने तो घेऊन भर बाजारातून जायचे, असा क्रम लागला. पावसाळ्याआधी शेवटचा हप्ता शास्तीसकट फिटला. त्याच दिवशी बाई दुकानात आल्या. त्यांनी बांगड्यांचे पैसे फळीवर ठेवले आणि त्यांच्या शेजारी एक नाणे वेगळे ठेवले.

"हे कसलं बाई?"

"शास्ती. मला उशीर झाला ना."

"बाई, तुमच्याकडून शास्ती घेऊ? तुम्ही तर माझ्याचसाठी…"

"कशासाठी का असेना, लपले तर खरी. कोबीमागे बसले होते मी, या वयात! आज तू शेवटची शास्ती भरलीस तेव्हा कसं वाटलं?"

रंगनाथने थोडा विचार केला. "हलकं वाटलं, बाई. घरी जाताना सगळ्यांकडे बघत गेलो."

"मग मलाही तसंच घरी जाऊ दे."

रंगनाथने नाणे उचलून कपाळाला लावले आणि गल्ल्यात टाकले. तसबिरीपुढे गेल्या वर्षीपासून जागा रिकामी होती. तिथे काही ठेवावे असे त्याला आता वाटले नाही. त्याने पेटीतून एक हिरवी बांगडी निवडली.

"ही माझ्याकडून. हात द्या बाई."

बाईंनी हात पुढे केला, आणि या वेळी रंगनाथने न सांगताच तो सैल सोडला.