बेलीरामच्या हातातला दोर

"मग मी खाली कधी उतरायचं, उस्ताद?"

 करमदीन उस्ताद कमरेला दोर बांधत होते.

खाली चिनाब नदीत देवदाराचे ओंडके अडकून पडले होते. तिकडे पंजाबात आगगाडीचे रूळ टाकले जात होते. रुळांखाली घालायला लाकूड हवं म्हणून इकडे पहाडात झाडं तोडली जात आणि नदी ती खाली वाहून नेई. अरुंद खिंडीत एखादा ओंडका आडवा झाला, की मागचे सगळे त्याच्यावर चढून बसत. मग कुणीतरी त्या ढिगावर उतरायचं, नेमका तो आडमुठा ओंडका शोधायचा आणि पहारीनं हलवायचा. तो हलला की सगळा ढीग सुटे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असे, आणि दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हाती. ढीग सुटला की त्यानं गड्याला ओढून घ्यायचं.

बेलीराम दोन हंगाम ते टोक धरून उभा होता, आणि आता त्याला त्याचा वीट आला होता. दोर काय, खुंटीही धरते.

"ओंडका ओळखता येतो मला," तो म्हणाला.

"येत असेल."

"मग?"

"आज दोर धर… उद्याचं उद्या."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," काठावरचा कुणीतरी पुटपुटला. बेलीरामला ते झोंबलं. त्यानं दोराचे दोन वेढे एका बुंध्याभोवती घातले, टोक मुठीत आवळलं आणि मनाशी ठरवलं, आज उस्तादांच्या आधी आपण ओंडका हेरायचा.

उस्ताद ढिगावरून सावकाश गेले. वाकले, बसले, पुन्हा उठले. बेलीरामची नजर लाकडांवरून फिरत होती.

सापडला. काळ्या सालीचा, खडकात तोंड खुपसलेला.

उस्तादांची पहार अजून भलतीकडेच ठोकून पाहत होती. मग तीही तिथंच आली. बेलीरामला इतका आनंद झाला, की तो एकटाच हसला.

ओंडका हलला. पाठोपाठ सगळा ढीग गडगडत सुटला.

बेलीरामनं दोर ओढला. जड लागला. पाय रोवून, हातावर हात टाकत तो ओढत राहिला… आणि दोराच्या टोकाला बांधलेलं हातभर लाकूड पाण्यातून वर आलं.

माणूस नव्हता.

  तो मटकन खाली बसला आणि पोर रडावं तसा रडू लागला.

थोड्या वेळानं खालच्या वळणावरून, खडकांतून वाट काढत उस्ताद आले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, हातात पहार. येऊन त्याच्याशेजारी टेकले.

"ओंडका कोणता होता?"

बेलीरामनं त्यांचा हात घट्ट धरला.

"कोणता होता?"

"काळ्या सालीचा… तोंड खडकात होतं. तुम्ही डावीकडून हलवलात."

"बरोबर. डोळा आहे तुला."

उस्ताद लाकडावरची गाठ सोडवू लागले. गाठ त्यांच्याच हातची होती. बेलीरामनं ती आता ओळखली.

"उस्ताद, आईची शपथ… मी दोर सोडला नव्हता."

"मी सोडला होता," उस्ताद म्हणाले. "केव्हा, ते सांग."