ठमीचा नवा हॉर्न

गाड्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. घाटाखालच्या गावात ठमी नावाची एक बुटकी मोटार राहायची. तिचा पीं-पीं हॉर्न ऐकून रस्त्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवायची नाही. वैतागून ठमीने एक दिवस चक्क ट्रकचा हॉर्न बसवून घेतला.

मग काय विचारता. वळणाअलीकडे ठमीने भोंऽऽ केलं, की पलीकडची धुडं निमूट मागे सरकायची. एकदा तर लाकडं भरलेला ट्रक फर्लांगभर मागे गेला, आणि समोरून ठमी आलेली पाहून त्याचं तोंडच पडलं. ठमी आठवडाभर हसत होती.

एका सकाळी मात्र ठमीच्या भोंऽऽला वळणापलीकडून तिच्याहून दांडगं भोंऽऽ आलं. ठमीची गाळण उडाली. ती घाईघाईने मागे सरकली आणि तिचं चाक थेट गटारात गेलं.

बऱ्याच वेळाने वळणावरून एक मोपेड भीत भीत पुढे आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि हँडलवर हा एवढा मोठा भोंगा.

"मागचा ट्रक किती लांब आहे गं?" ठमीने दबक्या आवाजात विचारलं.

"माझ्यामागे कोणी नाही, ताई," मोपेड म्हणाली. "तुमच्या बाजूचा गेला का?"