रोहू कोणता, मृगळ कोणता

"म्हणजे बाबा, दोघांपैकी कोणीही चालेल, असं तुम्हीसुद्धा म्हणता?"

उमाजीने हे विचारलं तेव्हा जमालशा फकीर चिंचेखाली बसून जाळ्याचा गुंता सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी कुठं म्हणालो?"

"अनसाबाई म्हणाली. तुम्ही ऐकून घेतलंत."

"कान आहेत, ऐकू येतं. काय करू?"

 ते वाक्य सकाळपासून उमाजीच्या घशात अडकलं होतं, माशाचा काटा अडकावा तसं.

झालं होतं असं. पैनगंगेच्या पलीकडे बोरगव्हाण. तिथल्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, एक म्हातारा फकीर राहायचा, तो पावसाळ्यात वारला. तेव्हापासून तिथे दिवा लागत नव्हता. वाटसरू पायरीवर बसायचे आणि पाणी न पिता उठून जायचे. गावाने शेवटी अनसाबाईला धाडलं. ती स्वतःच डोंगा वल्हवत अलीकडे आली आणि बाबांसमोर बसली.

"तुमच्या चेल्यांपैकी एक द्या आम्हाला."

"कोणता देऊ?" बाबांनी विचारलं.

अनसाबाईने उमाजीकडे पाहिलं. मग महादूकडे. मग तोंडाला पदर लावून खुदखुदली.

"कोणताही द्या की. दोघं सारखेच तर आहेत."

एवढं बोलून ती बाजाराला गेली. परतताना एकाला सोबत नेणार होती.

उमाजी आणि महादू जुळे. भोयाच्या घरात जन्मलेले, मिसरूड फुटायच्या आधी एकाच दिवशी बाबांकडे आलेले. नाक तेच, चालण्याची ढब तीच, पुढचा एक दात दोघांचाही तसाच तिरपा. आणि याच गोष्टीने उमाजीचा जन्म नासवला होता, असं उमाजीचं म्हणणं.

कारण मेहनत उमाजी करायचा. बाबांचा शब्द न् शब्द त्याला तोंडपाठ. पहाटे सगळ्यांच्या आधी तो उठायचा, उपास करायचा, जप चुकवायचा नाही. महादू जपाला बसला की डुलक्या घ्यायचा, झाडायला लागला की गायचा आणि गाता गाता झाडायचं विसरायचा.

मागे एकदा तापाने फणफणलेला एक म्हातारा तकियात आला होता. उमाजीने त्याला हातांनी भरवलं, पुसलं, रात्री जागवल्या. म्हातारा बरा झाला... आणि महादूच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

महादूने त्याला खुशाल रडू दिलं. वर पाठीवर हातही फिरवला.

ते उमाजी अजून विसरला नव्हता.

"मला एवढंच सांगा बाबा," तो म्हणाला. "आमच्यात फरक आहे की नाही?"

बाबांनी आता मान वर केली. त्याच्याकडे नीट पाहिलं.

उमाजी पुढे सरकून बसला.

"भूक लागली रे," बाबा म्हणाले. "चल, मासे धरू. महादूला बोलव."

...

थंडी नुकती पडू लागली होती. नदी निवळली होती, तळाचे गोटे दिसत होते. काठावरच्या दगडांवर दिवड ऊन खात पडल्या होत्या. बिनविषारी साप, पाण्यातले. भोयांची पोरं त्यांच्यातच वाढतात. माणसांची चाहूल लागली तशा त्या एकामागून एक सुळ्ळकन पाण्यात उतरल्या.

"राम राम काकू," महादू प्रत्येकीला म्हणत होता. "राम राम. बसा, बसा, उठता कशाला?"

बाबा खो खो हसत होते.

उमाजीला हसू आलं नाही. त्याने जाळं दातात धरलं, खांद्यावर घेतलं, कंबरेतून एक गिरकी घेतली आणि फेकलं. हवेत ते असं गोल उघडलं की बाबांच्या तोंडून "वाहवा!" निघून गेलं.

पुन्हा फेकलं. पुन्हा. महादू गळ्याइतक्या पाण्यात शिरून जाळ्याची कड सोडवायचा आणि थंडीने "आई गं, आई गं" करत बाहेर यायचा.

वाळूवर मासळीचा ढीग झाला. रुपेरी, तडफडणारा.

"आता निवडा," बाबा म्हणाले. "रोहू एका टोपलीत, मृगळ दुसऱ्या."

महादूने दोन मासे उचलले. एक डाव्या हातात, एक उजव्या. त्याने या तोंडाकडे पाहिलं, त्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, हे दोघं भाऊ आहेत," त्याने जाहीर केलं.

"दे इकडं," उमाजी म्हणाला.

तो उकिडवा बसला आणि त्याचे हात चालू लागले. रोहू, रोहू, मृगळ, रोहू. थांबायचं काम नाही. ज्या गोष्टीसाठी तो सकाळपासून तळमळत होता, ती इथे वाळूवर त्याच्या हाताखाली पडली होती.

"बघा बाबा. रोहूचा खालचा ओठ जाड असतो, कडेला झालर असते. मृगळचा ओठ पातळ आणि साफ. लांबून एकसारखे दिसतात, म्हणून एक नसतात. बघणारा हवा."

"खरं आहे," बाबा म्हणाले.

"चवही वेगळी. मृगळला काटे जास्त."

"फारच. परवा माझ्या घशात गेला होता."

उमाजीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी वाद घालावा अशी त्याची अपेक्षा होती. त्यासाठी त्याने मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण बाबा खरोखरच पटल्यासारखी मान डोलावत होते.

"मग?" उमाजीने विचारलं.

"मग काय?"

"फरक आहे ना?"

"आहे की. माशांत आहे."

"आणि माणसांत?"

बाबांनी काठी उचलली. "टोपल्या घ्या रे. चूल पेटवायचीय."

...

परतीची वाट काठाच्या कडेने होती. एका अंगाला वाळलेलं गवत, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खाली डोह. एका वेळी एकानेच चालावं एवढी ती अरुंद.

पुढे महादू. एक टोपली डोक्यावर, एक कंबरेवर. मोठ्याने गात होता. मागे खांद्यावर ओलं जाळं घेऊन उमाजी. सर्वांत मागे बाबा, काठी टेकत.

मध्येच महादू थांबला. कंबरेवरची टोपली घसरत होती, ती तो सावरू लागला. गाणं चालूच होतं.

उमाजीला आवाज आला.

लोहाराच्या भात्यातून हवा सुटावी तसा. लांब, जाड फूत्कार. दिवड असा आवाज काढत नाही.

गवताच्या बुडाशी, महादूच्या उघड्या टाचेपासून वीतभरावर, वेटोळं घालून घोणस बसली होती. अंगावर तपकिरी ठिपक्यांची साखळी. मान मागे खेचलेली.

महादू गात होता.

पुढे काय झालं ते उमाजीला कळलं नाही. त्याच्या छातीतून, पोटातून, कुठून तरी खूप खोलातून किंकाळी फुटली...

"उमाजीऽऽ! पाण्यात!"

आणि महादूने मागे वळून न बघता, काय, कशाला न विचारता, टोपल्यांसकट डोहात उडी घेतली.

घोणस झेपावली. तिथे आता टाच नव्हती, हवा होती.

उमाजीने जाळं टाकलं आणि भावामागोमाग स्वतःला पाण्यात झोकून दिलं.

बाबा जागीच उभे राहिले. त्यांनी फक्त काठी एकदा जमिनीवर आपटली. घोणस जरा वेळ तशीच फुसफुसत राहिली. मग वेटोळं उकलून गवतातल्या एका बिळात शिरली, अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी.

डोहात उमाजीने महादूचा पाय धरला होता. तो पाण्यावर वर खेचून टाच चाचपत होता, घोटा चाचपत होता. त्यापायी महादू दोनदा बुडून वर आला.

"चावलं का? अरे बोल! चावलं का?"

"काय चावलं?" महादू पाणी थुंकत म्हणाला. "पाय सोड आधी. बुडवतोस का मला?"

"घोणस होती रे! तुझ्या पायाशी!"

"हो?" महादूचे डोळे मोठे झाले. "मोठी होती?"

टाचेवर ओरखडाही नव्हता. उमाजीने पाय सोडला.  दोघे पोहत उथळाला आले. पाय टेकले तेव्हा कुठे उमाजीला श्वास घेता आला.

रिकाम्या टोपल्या उताराकडे निघाल्या होत्या. रोहू गेले होते, मृगळ गेले होते. डोह पुन्हा शांत दिसत होता.

बाबा काठावर गुडघ्यांवर हात टेकून उभे होते.

"उमाजी," त्यांनी विचारलं. "पायाशी साप कुणाच्या होता?"

"महादूच्या, बाबा."

"आणि हाक कुणाला मारलीस?"

"महादूला" म्हणायला उमाजीने तोंड उघडलं.

...

 ती हाक त्याला आता ऐकू आली.

त्याने भावाकडे पाहिलं. तोच तिरपा दात. केसांतून गळणारं पाणी.

"तू... तू उडी कशी मारलीस?" तो कसाबसा म्हणाला. "मी तर तुझं नावच नाही घेतलं."

"मला वाटलं, मलाच बोलावतोयस."

"अरे पण मी उमाजी म्हणालो!"

"मग?" महादूला यात अडचण काय ते समजेना. "लोक कधी महादू म्हणतात, कधी उमाजी. कोण बघत बसतं? मी आपला दोन्हीला ओ देतो."

उमाजी त्याच्याकडे बघत राहिला.  आधी त्याला वाटलं, रडू येतंय. पण बाहेर आलं ते हसू होतं. केवढं मोठं! तो पाण्यात वाकून हसू लागला, हातांनी पाणी बडवू लागला. आपला भाऊ असा कधी हसलेला महादूने पाहिला नव्हता. कारण विचारायच्या आधी तोही हसायला लागला. दोघे एकमेकांच्या खांद्याला धरून हसले, घसरून पडले, उठले, पुन्हा हसले.

"टोपल्या!" बाबा वरून ओरडले. "टोपल्या चालल्या रे!"

दोघे टोपल्यांमागे धावले. एक सापडली. दुसरी महादूच्या हाती लागली, तर तिच्यात एक मासा राहिला होता.

"रोहू आहे की मृगळ?" त्याने विचारलं.

उमाजीने माशाच्या ओठांकडे पाहिलंच नाही. त्याने टोपली पाण्यात तिरपी केली. मासा शेपटी मारून निघून गेला.

"आता खायचं काय?" महादू म्हणाला.

"भाकरी आहे. ठेचा आहे."

"आणि कांदा?"

"कांदाही देतो तुला. माझ्या वाटचा."

एवढ्यात उतारावरून अनसाबाई आली. डोक्यावर बाजाराचं गाठोडं, काखेत केरसुणी. तिचा डोंगा तिथेच जवळ बाभळीला बांधलेला होता. पाण्यात दोन मोठे बाप्ये लहान लेकरांसारखे खिदळताना बघून ती थबकली.

"काय झालं हो यांना?"

"आंघोळ चाललीय," बाबा म्हणाले.

"बरं, कोणता देताय बाबा? ऊन कलायला लागलं. दिवेलागणीच्या आत पोचायला हवं."

उमाजीचं हसू थांबलं. सकाळपासून ज्या शब्दाची त्याने वाट पाहिली होती, तो आता येणार होता. तो कमरेइतक्या पाण्यात ताठ उभा राहिला.

"महादूला न्या," बाबा म्हणाले.

उमाजीने ते ऐकलं. आता छातीत कळ येईल म्हणून तो थांबून राहिला. नदी त्याच्या मांड्यांवरून वाहत होती. महादू शेजारी थंडीने दात वाजवत होता.

कळ आली नाही.

अनसाबाई काठाच्या टोकाशी आली. गाठोडं सावरत तिने डोळे बारीक केले. या चेहऱ्याकडे बघितलं, त्या चेहऱ्याकडे बघितलं.

"पण यातला महादू कोणता?"

"मला काय विचारतेस?" बाबा म्हणाले. "हाक मारून बघ."

तिने तोंडाशी हात धरला आणि साद घातली, "महादूऽऽ!"

"ओऽऽ!"

पाण्यातल्या दोन्ही गळ्यांतून ओ एकदमच आली. उमाजीने स्वतःचा आवाज ऐकला, दचकला, आणि मग पुन्हा एकदा, मुद्दाम, जोरात ओ दिली.

"अगं बाई!" अनसाबाई वैतागून बाबांकडे वळली. "बाबा, आम्ही एकच मागितला होता."

बाबा वाकले. तिच्या डोंग्याचा दोर बाभळीपासून सोडू लागले.

"एकच देतोय."