मोडेमबाईचं केकाटणं

"आधी ते बोंबलणं बंद कर!" कॉम्प्युटर मोडेमबाईवर खेकसला. "फोन लागला रे लागला, की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी केकाटतेस. आळी हसते मला!"

ही गोष्ट कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून बोलत, त्या काळातली. मोडेमबाई त्यांची दुभाषी. आज मिरजेच्या कॉम्प्युटरशी बोलणं झालं नाही, तर मालक या दोघांनाही माळ्यावर टाकणार होता.

"बरं बाबा, राहिलं," ती म्हणाली. फोन लागला, ती गप्प बसली. कॉम्प्युटरने आपली सगळी अक्कल भडाभडा ओतली. मिरजेहून नुसती खरखर आली आणि फोन कटला.

"बहिरा आहे मेला! आणखी भरभर सांग त्याला!"

तिने सांगितलं. पुन्हा खरखर, पुन्हा कट. मालक शिडी आणायला उठला.

कॉम्प्युटरचा आवाज एकदम मऊ झाला. "मोडेमताई, तुम्ही एवढं केकाटून करता तरी काय हो?"

"समोरच्याला किती भरभर ऐकणं झेपतं ते विचारते रे टोणग्या, आणि आता तू तोंड मीट, म्हणजे मला विचारता येईल!"