हसू उसवलेली बाहुली

फार पूर्वीची गोष्ट, सुया आणि बाहुल्याही बोलत तेव्हाची. गोधड्या शिवणाऱ्या चंद्राबाईची बहीण वारली आणि भाची सगुणा तिच्याकडे राहायला आली. पोर रडेना, बोलेना. म्हणून चंद्राबाईने बहिणीच्या लुगड्याची बाहुली शिवली.

सुईने लाल दोऱ्याने तिला हसरं तोंड काढलं. सगुणाने बाहुली कोपऱ्यात भिरकावली. सुईने आणखी मोठं हसू शिवलं. सगुणाने ती पुन्हा भिरकावली.

"सुईबाई, माझं हसू उसवा," बाहुली म्हणाली.

सुई चिडली. "जन्मभर गोधड्या शिवल्या मी. फाटकं आत घालायचं, चांगलं वर ठेवायचं. तू मला शिकवतेस?"

"तिला हसवायला अख्खं गाव येऊन गेलं, बाई. तिच्याबरोबर रडायला कुणी आलं नाही."

सुई बाहुलीच्या तोंडाशी आली. मग तिने एकेक टाका उसवला. दोरा निघाला, भोकं तेवढी राहिली.

संध्याकाळी सगुणाने बाहुली उचलली. त्या भोकांवरून बोट फिरवलं. "तुझी पण आई गेली?" तिने विचारलं, आणि त्या लुगड्यात तोंड खुपसून ती पहिल्यांदाच हमसून हमसून रडली.

पुढे सुईने पुष्कळ बाहुल्या शिवल्या. तोंड मात्र एकीलाही काढलं नाही.